काळा कातळ आणि कप्पतगुड्डाचे सोने

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली, तेव्हा निघालेल्या दगडाची भर खाडीकाठच्या सखल भूमीत पडली आणि तिच्यावर धावपट्टीचा पाया उभा राहिला. आणि त्याच्याही पुष्कळ आधी, १९७० साली सिडकोची स्थापना होऊन या मुलखात शहर वसवण्याचा उद्योग सुरू झाला तेव्हापासून, तुर्भे, पावणे, शिरवणे या गावांच्या पाठीशी असलेल्या डोंगराचा काळा कातळ खडी होऊन इमारतींच्या सिमेंटात मिसळत आला आहे. या अर्धशतकाच्या उलाढालीत दगडाचा हिशेब ब्रासने झाला, स्वामित्वधनाच्या पावत्या फाटल्या, तहसील कचेरीच्या दप्तरात ‘गौण खनिज’ या सदराखाली नोंदी झाल्या. परंतु या दगडाबरोबर सोने किती गेले, असे विचारण्याचे कोणालाही कारण पडले नाही.

विचारले असते तर उत्तर शून्य आले नसते. बेसॉल्ट या जातीच्या खडकात टनामागे साधारण दोन-तीन मिलिग्रॅम सोने असते, आणि पृथ्वीच्या कवचातील बहुतेक खडकांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. या मध्यम हिशेबाने एक कोटी टन कातळ फोडला की पंचविसेक किलो सोने त्याच्याबरोबर फुटते. मात्र त्यातील एक तोळा हाती यावा असे ज्याला वाटेल, त्याला साडेचार हजार टनांहून अधिक दगड दळून त्याचे पीठ करावे लागेल, आणि त्या उद्योगात तोळ्याच्या किमतीची कित्येक पट रक्कम बुडेल. उलटपक्षी, कोलारच्या खाणींतून सव्वाशे वर्षांत जो दगड वर आला, त्याच्या प्रत्येक टनामागे सरासरीने तोळ्याहून अधिक सोने पदरात पडले. उलवे आणि कोलार यांच्यामध्ये अंतर आहे ते सुमारे सहा हजार पटींच्या एकवटण्याचे, आणि हे एकवटणे कोणी केले, केव्हा केले व कशाच्या बळावर केले, हाच सोन्याच्या भूशास्त्रातला खरा प्रश्न आहे. सोने निर्माण कोठे झाले हा प्रश्न त्यामानाने दूरचा. ते ताऱ्यांच्या प्रलयात घडले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे तरंग पृथ्वीवरील यंत्रांनी टिपले, तेव्हा तिच्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणाही ज्योतिर्विदांना दिसल्या. पृथ्वीच्या वाट्याला आलेल्या सोन्याचा फार मोठा हिस्सा लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात बुडाला, आणि वर जे उरले ते कवचभर पसरले. मनुष्याच्या इतिहासाशी संबंध येतो तो या उरलेल्याच्या जमवाजमवीचा.

तो इतिहास आपल्या लोकांपासून फार लांब घडला अशी एक समजूत आहे. कोलार म्हैसूरकरांचे, आफ्रिकेतील खाणी इंग्रजांच्या. मराठी मुलखाचा सोन्याशी संबंध सराफकट्ट्यापुरता, आणि आता महाप्याला जवाहिऱ्यांसाठी जे पार्क योजले गेले आहे तेवढ्यापुरता, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ज्या खडकांच्या नावावाचून हिंदुस्थानातील सोन्याचे एकही शास्त्रीय प्रकरण लिहिले जात नाही, त्यांना ‘धारवाडी’ हे नाव पडले ते अशा एका जिल्ह्यावरून, जो पेशव्यांच्या राज्याचा भाग होता, १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता, आणि ज्याच्या सुवर्णभूमीला लागून सांगलीच्या पटवर्धनांचे संस्थान पसरलेले होते.

धारवाड जिल्ह्याच्या पूर्वेस गदगपासून तुंगभद्रेच्या दिशेने एक डोंगररांग उतरत जाते. तिला कप्पतगुड्ड म्हणतात, आणि जुन्या इंग्रजी कागदपत्रांत तिचा उल्लेख डंबळचे डोंगर असा सापडतो. या डोंगरांतून निघणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडत, आणि ते धुऊन काढणे हाच ज्यांचा पिढीजाद धंदा होता अशा लोकांना तेथे जालगार म्हणत. आपल्याकडे सराफांच्या दुकानांपुढची धूळ विकत घेऊन धुणारे झारेकरी जे काम शहरात करीत, तेच काम हे लोक ओढ्यांत करीत. पावसाळ्यात लोंढे येऊन गेले की ते ओढ्याच्या वळणांवर, खडकाच्या आडोशाला साचलेला गाळ उकरीत, लाकडी पन्हळीत घालून त्यावर पाणी सोडीत, हलकी माती वाहून गेल्यावर तळाशी उरलेली काळी जड रेती पुन्हा लाकडी परातीत फिरवीत, आणि अखेरीस तिच्यातले सोने पाऱ्याने टिपून घेत. दिवसभराच्या श्रमाचे फळ मजुरीहून फारसे अधिक नसे. पण ओढ्यात सोने आहे तेवढे काढून संपत नसे, कारण पुढच्या पावसाळ्यात डोंगर पुन्हा थोडे देई. कॅप्टन न्यूबोल्ड या जिज्ञासू लष्करी अंमलदाराने १८४० च्या सुमारास या ओढ्यांविषयी लिहून ठेवले, आणि तेव्हापासून डोणी गावाचा ओढा हा नामवंत ठरला.

नदीतले सोने धुणाऱ्यांच्या ज्ञानाला शास्त्रज्ञांनी पुढे जो मान द्यायला हवा होता, तो क्वचितच दिला गेला, असे मला वाटते. या देशात सोन्याच्या एकाही मोठ्या क्षेत्राचा शोध कोणा साहेबाने कोऱ्या जमिनीवर लावलेला नाही. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या पूर्व हद्दीची मोजणी करण्यास लेफ्टनंट जॉन वॉरन गेला, तेव्हा १८०२ मध्ये त्याला कोलारच्या सोन्याची वदंता ऐकू आली. त्याने बक्षीस जाहीर केले, गावकऱ्यांनी गाड्या भरून माती त्याच्या छावणीवर आणली, आणि त्यांच्या बायकांनी त्याच्या डोळ्यांदेखत ती धुऊन सोने काढून दाखवले. न्यूझीलंडच्या लढाया संपवून बंगळूरला येऊन राहिलेल्या मायकेल लॅव्हेल या आयरिश शिपायाने वॉरनचा तोच वृत्तान्त वाचून १८७१ मध्ये बैलगाडीने कोलार गाठले, आणि १८७५ मध्ये म्हैसूर दरबाराकडून त्याला खाणीचा परवाना मिळाला. ज्या खड्ड्यांच्या काठी तो उभा राहिला, ते त्याच्या आधी अनेक शतके कोणीतरी खणून ठेवलेले होते.

कप्पतगुड्डाच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली: तेथे परवाना घेऊन येणाऱ्यांच्या आधी एक विचार करणारा मनुष्य आला. रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अधिकारी. मद्रासजवळ पल्लावरम येथे १८६३ मध्ये अश्मयुगीन दगडी हत्यार शोधून हिंदुस्थानच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया घातला, म्हणून त्याचे नाव आज बहुधा पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आढळते. हाच फूट डंबळच्या डोंगरांत हिंडला, जालगारांकडून त्याने एकेका ओढ्याची माती धुवून घेतली, आणि १८७४ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. सोन्याचे ओढे कोणते, एवढेच विचारून तो थांबला नाही. ते कोठे उगम पावतात हे त्याने नकाशावर मांडले, आणि त्याच्या ध्यानात आले की सोने देणारे ओढे हिरवट, क्लोराइटाने भरलेल्या एका विशिष्ट खडकपट्ट्यातच जन्म घेतात, तर शेजारच्या खडकांतून येणारे ओढे रिकामे असतात. पुढे म्हैसूर, बल्लारी, रायचूर या भागांतही त्याला याच घडणीचे पट्टे, ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांच्या विस्तीर्ण मैदानात लांबट, अरुंद, वायव्य-आग्नेय रोखाने पसरलेले असे आढळले, आणि १८८८ च्या सुमारास त्याने या सर्वांना मिळून ‘धारवाड’ हे नाव देऊन दक्षिण हिंदुस्थानातील सोन्याची ही मुख्य खडकमाला होय असे प्रतिपादन केले. कोलारचे सोने, रायचूरकडील हट्टीचे सोने व डोणीच्या ओढ्यातले सोने ही एकाच घराण्याची संपत्ती आहे, हे त्याने असे एका नावात बांधले.

ती संपत्ती त्या खडकांत आली कशी, हे मात्र फूटच्या काळी कोणालाही नीटसे सांगता येत नव्हते. युरोपात त्यावर जुना वाद चालू होता. सोळाव्या शतकात अॅग्रिकोलाने जमिनीतल्या पाण्याकडे बोट दाखवले होते. एकोणिसाव्या शतकात एक पक्ष म्हणे की शिरांतील धातू बाजूच्याच खडकातून पाझरून येतात, दुसरा म्हणे की ते खोलातून वर चढतात. आपल्याकडे कौटिल्याने आकराध्यक्षाच्या, म्हणजे खाणींवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात पर्वतांच्या गुहा, दऱ्या व बिळांतून पाझरणाऱ्या रंगीत रसांवरून सोन्याची खाण ओळखावी असे सांगितले आहे. यावरून प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. लोखंड व गंधक यांनी रंगलेले पाणी ज्या डोंगरातून येते तेथे धातू असण्याचा संभव अधिक, हे खाणीवर डोळसपणे राबलेल्या माणसाचे निरीक्षण आहे, आणि तेवढेही थोडे नाही.

आज जे चित्र बहुतेक भूवैज्ञानिक मान्य करतात, त्याचा प्रारंभ सुमारे २७० कोटी वर्षांमागे होतो. त्या वेळी धारवाडच्या प्रदेशात समुद्राखाली लाव्हारस पसरत होता, आणि थिजून जो खडक होत होता तो बेसॉल्टच होता: तुर्भे-पावण्यामागच्या पारसिकच्या डोंगराचा जो काळा दगड आपण खडी म्हणून वापरतो, त्याच कुळातला, त्याच्यासारखाच टनामागे दोन-तीन मिलिग्रॅम सोने बाळगणारा. समुद्राचे पाणी त्याच्या भेगांत मुरले, त्याच्या खनिजांच्या घडणीत जाऊन बसले; मधूनमधून साचलेल्या गाळात गंधक व कार्बन अडकले. नंतर कोट्यवधी वर्षांच्या अवधीत भूकवचाचे हे तुकडे परस्परांवर रेटले गेले, घड्या पडल्या, लाव्ह्याचे आडवे थर उभे झाले, आणि त्यांचा तळचा भाग इतका खोल दाबला गेला की काळ्या बेसॉल्टाचे प्रथम हिरव्या, क्लोराइटयुक्त खडकात व अधिक खोलीवर हॉर्नब्लेंडाच्या काळपट सुभाजा खडकात रूपांतर झाले. हे दुसरे रूपांतर होताना, म्हणजे उष्णता ५०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली असता, हिरव्या खनिजांनी धरून ठेवलेले पाणी त्यांना सोडून द्यावे लागते. खडकातून असे घामासारखे निघालेले हे पाणी क्षारांच्या बाबतीत बरेचसे गोडे, पण कार्बन डायऑक्साइड व गंधक यांनी भारलेले असते.

आणि हे गंधकच सोन्याचे वाहन होते. सोने पाण्यात विरघळत नाही हा आपला व्यवहारातला अनुभव. परंतु दाबाखाली तापलेल्या पाण्यात गंधकाची विशिष्ट संयुगे असली, तर सोने त्यांच्याशी जोडले जाऊन पाण्यात उतरते, हे टी. एम. सीवर्ड याने प्रयोगांनी सिद्ध करून १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. घन किलोमीटरच्या घन किलोमीटर खडकातून निघालेले पाणी प्रत्येक टनामागचा अल्पसा अंश असा उचलते, आणि वाट मिळेल तेथून वर चढू लागते. वाट मिळते ती प्रस्तरभंगांची. कवचाचे दोन भाग ज्या पृष्ठावर एकमेकांशी घासतात, तेथील भेगांची. पण ही वाट सदा उघडी नसते. पाण्यातली सिलिका भेगांत साचून त्या बुजतात, खाली दाब वाढत जातो, तो सहन होईनासा झाला की भूकंप होऊन भेग एकदम फाटते, पाणी जोराने वर उसळते, दाब उतरतो, पुन्हा सिलिका साचते, पुन्हा भेग बुजते. प्रेशर कुकरची शिट्टी जशी थांबून थांबून उचलली जाते, तसा हा क्रम हजारो वेळा चालतो. दाब अकस्मात उतरला की पाण्यातील वायू निघून जातात आणि सोने निराधार होते. अथवा लोखंडाने समृद्ध खडकाला पाणी भिडले की ते लोखंड त्यातला गंधक हिरावून घेऊन पायराइट बनते, आणि ज्याचे वाहनच गेले ते सोने तेथेच उतरते. अशा रीतीने पांढऱ्या गारेची एक शीर तयार होते, तिच्यात पापुद्र्यावर पापुद्रा, आणि पापुद्र्यांच्या कडांना सोने. कोलारची प्रसिद्ध चॅम्पियन शीर हॉर्नब्लेंड सुभाजेत आहे, ती सरासरी पुरुषभरही रुंद नाही. परंतु ती खाली जाते ती तीन किलोमीटरहून अधिक.

म्हणजे नवी मुंबईचा कातळ आणि कोलारचा खडक यांच्यात कुळाचा भेद नाही. भेद आहे तो भोगलेल्या दशेचा.

या प्रक्रियेचे शेवटचे अंग अगदी वरच्या थरात घडते, आणि एकोणिसाव्या शतकातील भांडवलदारांना बुडवले ते त्यानेच. शीर जेव्हा झिजत झिजत पृष्ठभागाला येते, तेव्हा पाऊस व हवा यांनी तिच्यातला पायराइट कुजतो, गंधक निघून जातो, लोखंडाचा गंज उरतो, आणि त्यात कोंडलेले सोने मोकळे होऊन वरच्या काही मीटरांत दाट साचते. धुणाऱ्याला ते सहज मिळते. वर खणणाऱ्यालाही मिळते. पण खाली अविकृत खडकाला हात घातला की सोने विरळ होते, आणि उरते तेही पायराइटात अडकलेले, त्या काळच्या पाऱ्याच्या रीतीला दाद न देणारे. वायनाडच्या डोंगरात हेच झाले. व्हिक्टोरियाहून आणवलेल्या ब्रॉ स्मिथ या तज्ज्ञाने उत्साहवर्धक अहवाल दिला, आणि १८७९ ते १८८१ या दोन-तीन वर्षांत लंडनच्या बाजारात सुमारे चाळीस कंपन्यांचे भाग विकले गेले. अल्पावधीत त्या जवळजवळ साऱ्या बुडाल्या, आणि कॉफीच्या मळ्यांतून यंत्रे गंजत पडली. कोलारही त्याच वावटळीत सापडून जाण्याच्या बेतात होते. १८८० मध्ये जॉन टेलर आणि मंडळींनी तेथील कारभार हाती घेतला तरी प्रारंभी पैसा जमिनीत जिरत राहिला. अखेर प्लमर नावाच्या कप्तानाने जुन्या लोकांच्या खड्ड्यांचा माग सोडायचा नाही असे ठरवून त्यांच्या तळाशी विवर नेले, आणि तेथे चॅम्पियन शीर हाती लागली. जुन्या लोकांनी खणणे का थांबवले होते? सोने संपले म्हणून नव्हे, तर पाणी उपसता येईना म्हणून.

कोलारचे वैभव पुढे सर्वांच्या डोळ्यांत भरले. तेथल्या यंत्रांसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्राच्या धबधब्यावरची वीज नव्वदहून अधिक मैल तारेने आणली गेली, आणि हे पाहून जवळपासच्या प्रत्येक जुन्या खड्ड्याकडे मक्तेदारांच्या नजरा वळल्या. कप्पतगुड्डाची पाळी आता आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होसूर, कबुलायतकट्टी, अत्तिकट्टी या गावांच्या शिवारात कंपन्यांनी खाणी उघडल्या. डोंगरालगतचा शिरहट्टी तालुका सांगली संस्थानाचा असल्याने इंग्रजी हद्दीत एक रीत व संस्थानी हद्दीत दुसरी असा कारभार होता, आणि तेथल्या एका जुन्या खाणीचे नाव भूवैज्ञानिकांच्या कागदांत अद्याप ‘सांगली’ असेच चालत आले आहे. गणपतीच्या देवळासाठी व हळदीच्या पेठेसाठी ख्यात असलेल्या सांगलीचे नाव सोन्याच्या खाणीला असावे, याचे सांगलीकरांनाही आज आश्चर्य वाटेल. खाणी मात्र टिकल्या नाहीत. शिरा तुटक होत्या, कोठे श्रीमंत तर पाच हातांवर दरिद्री; वरचा कुजलेला भाग संपताच सोने आर्सेनिक व गंधक यांच्या खनिजांत अडकलेले मिळू लागले, आणि १९११ च्या सुमारास कामे थांबली. फूटने जे सांगितले होते ते चुकले नव्हते: सोने याच पट्ट्यात होते. पण सोने असणे आणि ते परवडणे यांच्यामधली दरी त्याच्या नकाशाला दाखवता येण्यासारखी नव्हती. ती दरी पडते कशाने, तर एखाद्या भेगेतून पाणी किती वेळा उसळले यावरून. एका ठिकाणी हजारदा, शेजारी दहादा.

जेथे ते पुरेसे उसळले असे दुसरे ठिकाण तेथून ईशान्येस, निजामाच्या राज्यात होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड ज्या हैदराबादच्या दप्तराला जोडलेले होते, त्याच दप्तराखाली रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यात हट्टी हे गाव होते. आणि तेथे कंपनीच्या अभियंत्यांनी जुनी विवरे उपसून काढली तेव्हा ती ६४० फूट खोल गेलेली आढळली. हातात लोखंडी पहार, आणि खडक फोडायला अग्नी: शिरेच्या तोंडाशी लाकडे रचून पेटवायची, दगड तापला की त्यावर पाणी ओतायचे, तडकलेला दगड काढून वर पाठवायचा. त्या विवरांत सापडलेल्या लाकडाचे वय पुढे कार्बनच्या कसोटीने काढले असता ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. सहाशे फूट खोलीवर धुराने भरलेल्या अंधारात कोण काम करीत होते, स्वेच्छेने की सक्तीने, याचा एक शब्दही कोठे लिहिलेला नाही.

या भागातच १९१५ साली बीडन नावाचा एक खाण अभियंता सोन्याच्या जुन्या खुणा शोधीत हिंडत असता मस्की गावाजवळच्या एका शिळेवर त्याला अक्षरे दिसली. ती ब्राह्मी लिपी होती. तोवर देशभर सापडलेल्या शिलालेखांतला राजा स्वतःला देवानांप्रिय, प्रियदर्शी एवढेच म्हणवीत असे, आणि हा अशोकच होय असे विद्वानांनी सिंहलद्वीपाच्या बखरींवरून अनुमानले होते. मस्कीच्या शिळेवर अशोक हे नाव स्पष्ट कोरलेले निघाले. सोने शोधणाऱ्याला इतिहासाचे असे घबाड सापडावे यात योगायोगाचा भाग आहे, पण तो वाटतो तितका मोठा नाही. म्हैसूरकडील ब्रह्मगिरीचा लेख सांगतो की दक्षिणेतील आज्ञा सुवर्णगिरी येथून, राजपुत्र व महामात्र यांच्याकडून सुटत. मौर्यांचे दक्षिणेतील ठाणे सोन्याच्या डोंगराजवळ होते, आणि त्यांचे शिलालेख धारवाडी खडकांच्या पट्ट्यांच्या आसपास दाटून सापडतात हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पाटलीपुत्राच्या सत्तेने इतक्या दूर हात का पसरला, याचे एक उत्तर अडीचशे कोटी वर्षांपूर्वी त्या भेगांतून उसळलेल्या पाण्याने लिहून ठेवले होते. १९४७ मध्ये निजामाच्या राज्यात हट्टीसाठी कंपनी उभी राहिली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलार बंद पडल्यावर देशातील सोन्याचा मुख्य भार तिच्यावर आला.

कोलारविषयी मुंबईकराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोने विरळ होत चालले तेव्हाही त्या खाणीची खोली हे तिचे दुसरे धन होते, आणि ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओळखले. विश्वकिरणांचा मारा ज्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, अशा २.३ किलोमीटरांवर तिच्या शास्त्रज्ञांनी ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह यंत्रे मांडली, आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल जगात प्रथम जेथे लागली त्या दोन ठिकाणांपैकी कोलार हे एक ठरले. दुसरे दक्षिण आफ्रिकेतील एक सोन्याचीच खाण.

आता प्रश्न उरतो तो आपल्या कातळाचा. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. धारवाडच्या मानाने तो कालपरवाचा. त्याचे थर सह्याद्रीच्या कड्यांवर आडवेच्या आडवे दिसतात. पनवेलच्या परिसरात मात्र ते समुद्राकडे कलतात. या कलण्याला ऑडन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये पनवेलचेच नाव दिले, आणि कोकणात जेथे जमीन अशी वाकली-तुटली आहे तेथे भेगाही पुष्कळ आहेत. त्या भेगांतून गरम पाणीही येते: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, आणि खाली राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची एक ओळच लागून गेली आहे. कातळ बेसॉल्टाचा, भेगा आहेत, तापलेले पाणी आहे. तरी त्या कुंडांच्या काठी यात्रेकरू व संधिवाताचे रोगी जमले, जालगार कधी जमले नाहीत. याचे कारण हे पाणी मुख्यत्वे पावसाचेच, भेगांतून खाली जाऊन, तापून परत वर आलेले. खडकाने आपल्या घडणीतून सोडलेले ते पाणी नव्हे, कारण हा खडक कधी तितका दाबला गेला नाही, तितका तापला नाही, त्याचे रूपांतर झाले नाही. आणि गंधकाचे वाहन नसल्याने दगडातले सोने दगडातच राहिले.

धारवाडी वा त्यांच्यासारखे प्राचीन खडक महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते बेसॉल्टाच्या आवरणाच्या कडांना: दक्षिणेस सिंधुदुर्गात, पूर्वेस विदर्भात. नागपूर-भंडाऱ्याकडील साकोली मालिकेच्या खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याचे अंश मिळालेही आहेत. खाण मात्र झालेली नाही. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात काय आहे हे कातळाखाली झाकलेले आहे. बेळगावच्या उत्तरेस धारवाडी पट्टे वायव्येच्या रोखाने जात जात या कातळाखाली शिरतात, आणि ते किती दूर जातात याचा अंदाज गुरुत्व व चुंबकत्व यांच्या मोजणीवरूनच करावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी २०११ नंतर तेथे खोल छिद्रे घेण्यात आली, तेव्हा रासाटीजवळ ९३२ मीटरांवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागला. कोलारच्या कामगाराला ९३२ मीटर ही अर्धी वाटही नव्हती. परंतु कोलारला वर जुन्या खड्ड्यांच्या खुणा होत्या, हट्टीला होत्या, कप्पतगुड्डाला तर जालगारच होते. सातारा-कोल्हापूरच्या कातळावर तशी खूण उमटण्याचा संभव नाही, आणि खूण नसताना किलोमीटरभर कठीण दगडातून छिद्रामागून छिद्र पाडीत दोन-चार हात रुंदीची शीर शोधण्यास भांडवल घालील, असा मक्तेदार अद्याप तरी पुढे आलेला नाही.